चंद्रोदय नसलेला उपास : ११ आठवडे अडलेल्या वजनाचे प्रकरण

“मॅडम, याहून कमी काय खाऊ, तेवढे सांगा.” पहिल्या भेटीत खुर्चीवर बसता बसता त्यांनी एवढेच म्हटले आणि पिशवीतून एक जाड दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या आणि सकाळच्या पाळीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या ४३ वर्षांच्या बाईंचे वजन ११ आठवड्यांपासून ६६ ते ६७ किलोंच्या दरम्यान अडून बसले होते. महिना सप्टेंबरचा होता, गणपती नुकतेच उठले होते, आणि घरी दहा दिवस उत्सव असूनही त्यांनी एकाही मोदकाला हात लावला नव्हता. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे प्रकरण मांडते आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी स्त्रिया नेमक्या याच ठिकाणी अडतात, आणि तिथे त्यांना आहारातल्या चुकीपेक्षा मनाची टोचणी अधिक अडवते, हे मला या बाईंनी शिकवले.

आदल्या डिसेंबरात त्यांचे वजन ७८.४ किलो होते. उंची १५६ सेंमी असल्याने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, ३२ च्या वर जात होता. भारतीयांसाठी २३ पासून पुढे जादा वजन आणि २५ पासून पुढे स्थूलता मानतात, त्यामुळे वजन कमी करण्याचा त्यांचा निर्णय योग्यच होता. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने त्यांना दिवसाला १,२०० कॅलरींची मर्यादा घालून दिली, आणि पहिल्या ३ महिन्यांत ७ किलो उतरल्यावर त्यांनी स्वतःच ती १,००० वर आणली. जूनच्या मध्यापर्यंत वजन ६६.८ वर आले, म्हणजे एकूण ११.६ किलो कमी झाले. त्यानंतर काटा हलेना, म्हणून त्यांनी दुपारची दुसरी पोळी सोडली, मग भाजीतले तेल सोडले, मग रात्रीची भाकरी सोडली. वहीत प्रत्येक दिवसाची बेरीज होती. १,००० च्या आतली निळ्या शाईत आणि त्यावरची लाल शाईत.

त्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, ती आधीच नोंदवते. वही चाळताना मी अगदी मनापासून म्हणाले, “तुमची शिस्त खरोखर वाखाणण्याजोगी आहे.” पुढे ६ आठवड्यांनी त्यांनी मला सांगितले की त्या एका वाक्यानंतर खरे सांगणे त्यांना अवघड होऊन बसले, कारण शिस्तीचे कौतुक करणाऱ्या माणसापुढे शिस्त मोडल्याची कबुली कशी द्यायची? शाळेतल्या सहकारी, माहेरची माणसे, चैत्रातल्या हळदीकुंकवाला भेटलेल्या बायका, सगळ्यांनी तोवर त्यांना “किती बारीक झालीस गं” म्हणून डोक्यावर घेतले होते. त्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले.

आहाराला हात लावण्याआधी तपासण्या आवश्यक होत्या. केस मूठभर गळत होते, पंख्याखाली थंडी वाजत होती, झोप पहाटे ३ ला मोडत होती आणि पूर्वी २८ ते ३० दिवसांनी येणारी पाळी ४५ ते ५० दिवसांवर गेली होती. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.४ निघाले, जे स्त्रियांत १२ च्या खाली असू नये. फेरिटिन ९ होते, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता. थायरॉइडची टीएसएच तपासणी सामान्य आली. ती तशी आली नसती तर हे प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले असते, म्हणून वजन अडल्यावर ही तपासणी टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाळीसाठी मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण या वयात पाळी लांबण्यामागे रजोनिवृत्तीची सुरुवातही असू शकते आणि ते ठरवणे माझे काम नाही. लोहाच्या गोळ्याही त्या डॉक्टरांनीच सुरू केल्या.

नंतर मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. पुढचे १४ दिवस त्यांनी जे काही तोंडात जाईल ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून लिहायचे होते. चव पाहताना घेतलेला चमचा, मुलीच्या ताटात उरलेला घास, शनिवार, रविवार, काहीही वगळायचे नव्हते. त्यावर मी बरेवाईट एक अक्षरही बोलणार नाही, असा शब्द मी दिला. जुन्या वहीत शनिवार-रविवारची पाने बहुतेक कोरी होती आणि ते माझ्या नजरेतून सुटले नव्हते. १९९२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या १० जणांचा आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला, तेव्हा त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाले होते. हे लोक लबाड नव्हते. जे आठवायला लाज वाटते ते विसरायला मन फार चटकन तयार होते, एवढाच त्याचा अर्थ मी घेते, आणि म्हणूनच तो अभ्यास मी बाईंना त्या दिवशी सांगितला नाही.

१४ दिवसांची नोंद आली तेव्हा चित्र स्वच्छ दिसले. सोमवार ते शुक्रवार सकाळी बिनसाखरेची कॉफी, मधल्या सुटीत एक काकडी किंवा सफरचंद, दुपारी अडीचला एक फुलका, कोरडी भाजी आणि वाटीभर दही, संध्याकाळी दोन बिस्किटे आणि रात्री मुगाच्या डाळीचे पातळ वरण किंवा भाज्यांचे सूप, असा आहार होता. त्यात दिवसाला जेमतेम ३४ ग्रॅम प्रथिने मिळत होती. शनिवारी सकाळपासून त्या जवळपास काहीच खात नसत, कारण रात्री नवरा आणि मुलगी सराफ्याला जात आणि त्यांच्याबरोबर जायचे तर पोटात आधी जागा करून ठेवायला हवी, असा हिशेब होता. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे लागणाऱ्या गाड्यांवर भुट्ट्याचा किस, कचोरी आणि गरम जिलबी समोर आली की दिवसभराची नव्हे, आठवडाभराची भूक उसळे. रात्री ११ ला घरी परतल्यावर डब्यातली शेव उभ्या उभ्या खाल्ली जाई. रविवारी सासूबाईंच्या हातचे पोहे “आज नाहीतरी मोडलेच आहे” म्हणून दोनदा घेतले जात. त्या दोन दिवसांची नोंद प्रत्येकी २,६०० च्या आसपास होती.

मी काही न बोलता त्यांना एवढेच म्हटले की १४ दिवसांची सरासरी काढा. गणिताच्या शिक्षिकेला त्याला किती वेळ लागणार? १,४९० असे उत्तर त्यांनी लिहिले आणि कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मी सातवीच्या मुलांना सरासरी शिकवते मॅडम, आणि स्वतःच्या आठवड्याची कधी काढली नाही.”

आता या सरासरीवर वजन का अडले, ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज दिवसाला १,६६० कॅलरी धरली आहे. बाई त्याहून जड होत्या, म्हणजे हिशेबाने १,४९० वर वजन हळूहळू तरी उतरायला हवे होते. परंतु वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो, आणि लहान झालेल्या शरीराच्या मानाने अपेक्षित असतो त्याहून थोडा अधिकच घटतो. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी १० टक्के वजन उतरलेल्या लोकांत हे मोजून दाखवले आहे. बाईंचे वजन तर १५ टक्के उतरले होते. शिवाय फोनमधल्या नोंदीप्रमाणे त्यांची रोजची पावले ८,००० वरून ४,३०० वर आली होती. त्यांना हे जाणवलेही नव्हते. ध्यानात आले ते एका विद्यार्थिनीच्या बोलण्याने. “बाई, तुम्ही हल्ली बसून शिकवता,” असे ती म्हणाली होती. पाच दिवस अर्धपोटी राहिलेले शरीर जिना टाळते, उभे राहणे टाळते, हात हलवणेसुद्धा टाळते. ही काटकसर ते मालकाला विचारून करत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगितलेच पाहिजे. “शरीर उपासमारीच्या अवस्थेत गेले की चरबी धरून ठेवते, म्हणून जास्त खाल्ले की वजन उतरते,” असे सर्रास सांगितले जाते. या शब्दांत ते खरे नाही. खर्चाहून कमी ऊर्जा मिळाली तर चरबी वितळतेच, आणि जास्त खाल्ल्याने ती जादूने वितळत नाही. बाईंना मी हे पहिल्याच दिवशी सांगितले, कारण खोट्या आशेवर त्यांनी दोन पोळ्या वाढवल्या असत्या आणि पंधरा दिवसांत काटा उतरला नाही की माझ्यावरचा आणि त्या पोळ्यांवरचा विश्वास एकदमच गेला असता. माझा तर्क साधा होता. पाच दिवसांची उपासमार थांबली तर शनिवारचा पूर ओसरेल, अंगात त्राण येऊन हालचाल परत येईल, झोप सुधारेल, स्नायू टिकतील, आणि मग सगळ्या आठवड्याला सारखी पसरलेली छोटी तूट शरीराला आणि मनाला पेलवेल. म्हणून काही आठवडे वजन उतरवण्याचा प्रयत्नच सोडून द्यायचा, असे ठरले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात दोन आठवडे कमी आहार आणि दोन आठवडे वजन टिकण्यापुरता आहार असे आलटून पालटून घेणाऱ्या स्थूल पुरुषांचे वजन सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले होते. नंतरच्या काही अभ्यासांत तसा फरक आढळला नाही, म्हणून मी त्याला हमी मानत नाही. पण विसावा घेतल्याने नुकसान होत नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी १,२५० कॅलरी ठरल्या. कॉफीबरोबर मुगाचे एक धिरडे, दुपारी दुसरा फुलका आणि रात्री ज्वारीची एक भाकरी, एवढीच वाढ होती. नोंदीत सगळे व्यवस्थित दिसत होते. वजन तसेच, थकवा तसाच, आणि शनिवारची रात्रही तशीच. तिसऱ्या भेटीत मी भाकरीबद्दल विचारले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. भाकरी वहीत होती, पण पोटात गेलेली नव्हती. रोज रात्री ती फाटकापाशी येणाऱ्या कुत्र्याला जात होती. “पानात वाढून घेते, पहिला घास मोडते, आणि आतून कोणीतरी ओरडते की एवढी मेहनत पाण्यात घालणार का. खाल्ले की मन खाते मॅडम, रात्रभर खाते. न खाल्लेले बरे वाटते.”

त्या संध्याकाळी मला कळले की मी आकड्यांनी ज्या गाठीवर घाव घालत होते, ती आकड्यांची नव्हतीच. आमचे संभाषण तोवर कॅलरी आणि प्रथिने यांच्यापलीकडे गेले नव्हते. त्यांचे शब्द मात्र सुरुवातीपासून वेगळ्याच प्रांतातले होते आणि मी ते ऐकूनही ऐकले नव्हते. “काल मोडले”, “आज पाळले”, “शनिवारचे पाप सोमवारी फेडले”. ही सगळी उपासाची भाषा आहे. आपल्या मराठी घरांत संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार पाहत मुली वाढतात, आणि जी कमी खाते ती संयमी, जी वरचेवर खाते ती खादाड, ही तोलणी अगदी लहानपणी मनात बसते. इंदुरात तर होळकरांच्या काळापासून वसलेल्या घरांत चार-पाच पिढ्यांचे कुळाचार अजून निष्ठेने पाळले जातात आणि त्याच घरांत पाहुण्याला पोहे न देता निरोप देणे हाही अपमानच समजतात. वजन उतरवण्याच्या आहाराने उपासाकडून ‘मोडणे’ हा शब्द उसना घेतला, आणि त्याच्याबरोबर पापही आपोआप आले.

मी त्यांना विचारले, “ताई, संकष्टीला तुम्ही चंद्रोदयानंतर जेवता तेव्हा मन खाते का?” त्या आश्चर्याने म्हणाल्या, “छे, तेव्हा जेवलेच पाहिजे. नैवेद्य दाखवून जेवल्याशिवाय संकष्टी पुरी होत नाही.” आमच्या सगळ्या भेटींतले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते आणि ते त्यांनीच उच्चारले. मी एवढेच जोडले की तुमचा हा उपास ९ महिने चालला आहे आणि त्याला चंद्रोदयच नाही. पुढच्या ६ आठवड्यांना आम्ही ‘पारणे’ म्हणू लागलो. पारणे हा व्रताचा भाग असतो, त्याला मोडणे म्हणत नाहीत.

नावाने सगळे सुटले असे मात्र नाही. शब्द बदलला तरी घशाखाली घास उतरायला वेळ लागला. याच सुमारास, आठवड्यातून एकदा होणारे अनावर खाणे ३ महिन्यांहून अधिक काळ चालू असल्याने, मी त्यांना एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याची विनंती केली. खाण्याच्या विकाराचे निकष लागू पडतात का, हे त्यांनीच ठरवायला हवे होते. दोन भेटींनंतर त्यांनी तसा विकार नसल्याचे कळवले आणि अपराधीपणावर काम करण्यासाठी आणखी चार भेटी घेतल्या. आहारतज्ज्ञांनी हे ओझे एकट्याने उचलू नये. ज्या बाईला खाल्ल्यानंतर ओकारी काढावीशी वाटते किंवा जी दिवसच्या दिवस काही खात नाही, तिला तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवावे.

मी त्यांना मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोगही सांगितला. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना, आणि त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ते मुळात सडपातळ होते आणि त्यांना आठवड्याला सुमारे ३५ किमी चालावे लागे, त्यामुळे त्यांची आणि बाईंची तुलना तंतोतंत होत नाही. तरी बाई ऐकता ऐकता थबकल्या. रात्री झोप मोडल्यावर त्या तासन्‌तास मोबाइलवर केक आणि पुरणपोळीच्या कृती पाहत बसत, आणि आपल्याच जिभेचे चोचले म्हणून स्वतःला दोष देत. “म्हणजे ते भुकेमुळे होते?” असे त्यांनी दोनदा विचारले.

खरी कलाटणी माझ्या खोलीत मिळालीच नाही. त्यांच्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, मधुमेही आहेत आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी ५ वाजता नेमाने थोडे खातात. कुत्र्याला जाणारी भाकरी त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती. एका संध्याकाळी त्यांनी सुनेला समोर बसवले आणि म्हणाल्या, “अगं, कुत्र्याची पोळी मी वेगळी करते. ही तुझ्यासाठी टाकलेली असते. मला डॉक्टर सांगतात वेळेवर खा, मी खाते. त्यात मला लाज वाटत नाही. तुला का वाटावी? आणि मला एकटीला खायला कंटाळा येतो.” त्या दिवसापासून ५ चे खाणे दोघींचे झाले. कधी मटकीची उसळ, कधी भाजलेले चणे आणि ताक, कधी दडपे पोहे. सासूबाईंच्या साखरेला काय चालेल ते पाहूनच पदार्थ ठरत. सोबतीसाठी खाल्लेले बाईंच्या मनाला टोचत नव्हते, आणि महिनाभराने सोबत नसतानाही टोचेना. ही योजना मी सुचवली असती तर बरे झाले असते असे मला वाटते, पण ती मला सुचली नव्हती.

५ ला पोटात काही गेल्यामुळे रात्रीची वखवख गेली, आणि आहार ठरल्याप्रमाणे १,५०० वर आला. वहीची पद्धतही आम्ही बदलली. लाल शाई बंद झाली, रोजची बेरीज बंद झाली, आणि त्याजागी जेवणाची वेळ, झोपेचे तास आणि पावले लिहायची, असे ठरले. वजन रोज सकाळी करायचे, पण पाहायची ती फक्त ७ दिवसांची सरासरी.

आणि नेमके तेव्हाच ९ दिवसांत वजन १.३ किलोंनी वाढले. सकाळी ६ ला त्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता. मी त्यांना धीर देण्याऐवजी गणित घातले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, तर १.३ किलो चरबी ९ दिवसांत साठायला खर्चाहून रोज किती जास्त खावे लागेल? त्यांनी फोनवरच उत्तर दिले, “१,१००च्या वर.” तुम्ही किती वाढवले? “साडेचारशे-पाचशे, तेही आधीच्या उपासाच्या दिवसांच्या मानाने.” मग उरलेले वजन कशाचे, हे त्यांना समजावणे सोपे गेले. पिष्टमय पदार्थ परत सुरू झाले की यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीतल्या साखरेचा, रिकामा साठा भरून घेतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. आतड्यांतले अन्न वाढते, मीठ वाढते, तेही काट्यावर दिसते. या घटकेला बहुतेक स्त्रिया घाबरून मागे फिरतात, आणि मग “मी जास्त खाऊन पाहिले, वजनच वाढले” असे आयुष्यभर सांगत राहतात. हे वाढणार हे मी आधीच सांगितले होते, तरी त्यांचा पाय डळमळला. सांगितलेच नसते तर?

तिसऱ्या टप्प्यात आहार १,६५० वर नेला आणि प्रथिने ६५ ग्रॅमवर. घरात अंडे येत नसल्यामुळे उसळी, डाळी, घट्ट दही, पनीर आणि सोयाच्या वड्या यांवरच भिस्त होती. आठवड्यातून दोनदा पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि खुर्चीच्या आधाराने २५ मिनिटांचे ताकदीचे व्यायाम त्या घरीच करू लागल्या. रविवारचे पोहे परत आले, जिरावण मसाला भुरभुरून आणि वर चमचाभर शेव घालून, आणि एकदाच. सराफ्याला त्या दुपारचे जेवण जेवून गेल्या. तिथे अर्धी जिलबी पानातच राहिली आणि ती राहिल्याचे त्यांना घरी आल्यावर आठवले. शनिवारची नोंद १,९०० वर उतरली होती. पावले साडेसात हजारांवर गेली. दिवाळीच्या फराळाची मला धास्ती होती, पण चकल्या आणि बेसनाचे लाडू घरात असतानाही उभ्या उभ्या खाणे झाले नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्याची सरासरी ६७.२ किलो आली. इतके आठवडे अधिक खाऊन काटा पहिल्या दिवसाहून ४०० ग्रॅमनेच वर होता आणि कंबर ९२ सेंमी वरून ९१ वर आली होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही आहार १,४५० वर आणला. हा आकडा त्यांच्या जुन्या सरासरीहून जेमतेम ४० कॅलरींनी कमी आहे, पण आता तो सातही दिवस सारखा होता आणि खर्च वाढलेला होता. संक्रांतीच्या सुमारास एक आठवडा पुन्हा पारण्याचा ठेवला, तेव्हा वजन ६०० ग्रॅमनी वाढले आणि त्यांनी फोन केला नाही. रंगपंचमीच्या आठवड्यात, म्हणजे १५ आठवड्यांनी, सरासरी ६२.९ किलो होती आणि कंबर ८६.५ सेंमी. हिमोग्लोबिन १२.१ झाले होते, पाळी ३१ ते ३३ दिवसांवर आली होती, केसांची गळती थांबली होती.

यातले किती श्रेय वाढवलेल्या आहाराचे, हे मी नेमके सांगू शकत नाही. लोहाच्या गोळ्या, व्यायाम, मानसोपचार आणि झोप हे सगळे त्याच काळात सुरू झाले होते, आणि एका व्यक्तीच्या प्रकरणात ते वेगळे काढता येत नाहीत. थकवा उतरण्यात लोहाचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. शनिवारची रात्र शांत होण्यामागे मात्र वाढलेला आहार आणि ओसरलेला अपराधीपणा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण तो बदल ५ च्या खाण्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी दिसला.

कंबर अजून ८० सेंमीच्या वर आहे, म्हणून काम संपलेले नाही. मेच्या सुटीत पुन्हा ४ आठवडे पारण्याचे ठेवायचे ठरले आहे. गेल्या भेटीत त्यांनी वही आणली नव्हती. पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली तेव्हा आत स्टीलचा एक छोटा डबा दिसला. पावणेपाच वाजले होते. सासूबाई बाहेर बाकावर वाट पाहत बसल्या होत्या, आणि भेट लांबेल असे वाटल्यावर बाईंनी मला थांबायला सांगितले, बाहेर जाऊन त्यांच्याबरोबर डबा खाल्ला आणि मग आत येऊन पुढचे बोलणे सुरू केले.